दगड, पाऊस आणि समस्थानिकं: पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दगड, पाणी आणि चुनखडीचे नमुने समस्थानिकांच्या मोजणीसाठी तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. एमएस्सीची मुलं, शाळांचे शिक्षक, ट्रेकला जाणारी मंडळी, विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन येणारे शेतकरी, सगळे काही ना काही विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

समस्थानिक म्हणजे काय, आणि दगडात ते कशासाठी मोजायचं?

एकाच मूलद्रव्याचे अणू, प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमी-जास्त. ऑक्सिजनचे दहा हजार अणू घेतले तर साधारण ९,९७६ ऑक्सिजन-१६ चे असतात, २० ऑक्सिजन-१८ चे आणि फक्त ४ ऑक्सिजन-१७ चे. रासायनिक वागणूक तिघांची जवळजवळ सारखी. आमचं सगळं शास्त्र या ‘जवळजवळ’मध्ये आहे. वजनात फरक असल्यामुळे हलक्या अणूचं पाणी थोडं आधी वाफ होऊन जातं आणि जड अणूचं पाणी थोडं आधी पाऊस होऊन पडतं. शिंपला कवच बांधतो तेव्हा त्यात जड ऑक्सिजन किती जाणार हे पाणी किती गार आहे यावर ठरतं. निसर्गात जे घडलं त्याची खूण अशी गुणोत्तरात राहून जाते.

दुसरा प्रकार किरणोत्सारी ऱ्हासाचा. रुबिडियम-८७ चं हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ होतं. अर्धं व्हायला सुमारे ४,९०० कोटी वर्षं लागतात, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या दहापटीहून जास्त. ज्या खडकात रुबिडियम जास्त आणि ज्याला काळ भरपूर मिळाला, त्यात स्ट्रॉन्शियम-८७ चा वाटा वाढलेला असतो. त्यामुळे जुना खंडीय खडक आणि पृथ्वीच्या पोटातून नुकताच वर आलेला लाव्हा यांची ओळख वेगवेगळी पडते.

मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे समस्थानिकं मोजणाऱ्या यंत्राच्या, आत नेमकं काय चालतं?

नमुन्याचे अणू किंवा रेणू विद्युतभारित करायचे, त्यांना उच्च दाबाच्या विजेने ढकलून निर्वात नळीत सोडायचं आणि वाटेत चुंबक ठेवायचा. चुंबकाजवळ प्रत्येक कण वळतो. हलका जास्त वळतो, जड कमी. पलीकडे छोटे धातूचे कप रांगेत बसवलेले असतात. ऑक्सिजन आणि कार्बन मोजायचे तर कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात आणि ४४, ४५, ४६ या वस्तुमानांचे रेणू आपापल्या कपात पडतात. कपात पडणारा प्रवाह इतका बारीक असतो की तो मोजायला १०० अब्ज ओहमचा रोधक लावावा लागतो.

जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ च्या सुमारास निऑनच्या दोन रेषा दिसल्या, ॲस्टन यांनी १९१९ मध्ये अचूक यंत्र बांधलं आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पण भूरसायनशास्त्राला खरा उपयोग झाला तो आल्फ्रेड नियर यांच्या १९४० च्या दशकातल्या कामाचा. त्यांनी दोन कप एकाच वेळी वापरले. आयनांचा झोत कधी स्थिर नसतो, मिणमिणत्या दिव्यासारखा कमी-जास्त होत राहतो. एक कप आधी आणि दुसरा नंतर मोजला तर ती थरथर उत्तरात येते. दोन्ही एकत्र मोजले तर दोघांत ती सारखीच येते आणि भागाकारात निघून जाते. दोन पारड्यांच्या तागडीसारखं आहे हे. तागडी हलली तरी दोन्ही पारडी एकत्र हलतात, काटा खरं सांगतो. पुढे १९५० च्या सुमारास यात आणखी एक भर पडली: नमुन्याचा वायू आणि माहीत असलेला प्रमाण वायू आळीपाळीने त्याच यंत्रात सोडायचा. हीच पद्धत आजही चालू आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. हे यंत्र वय मोजत नाही, तापमान मोजत नाही, पाऊस मोजत नाही. ते फक्त गुणोत्तर मोजतं, तेही दुसऱ्या कशाच्या तरी तुलनेत. वय आणि तापमान आपण त्यावरून काढतो, आणि ते काढताना जे गृहीत धरतो त्याची जबाबदारी आपली.

अहवालात आकडा वजा का येतो?

कारण तो प्रमाण पदार्थापासूनचा फरक असतो, आणि दर हजारी लिहितात. समुद्राच्या पाण्याशी तुलना केल्यावर पावसाच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ हजारात पाचने कमी असेल तर लिहायचं वजा ५. म्हणजे ऋण ऑक्सिजन असं काही नसतं. आकडा जितका जास्त वजा तितकं पाणी हलकं.

हा प्रमाण पदार्थ कुठून येतो? तो संपला तर?

संपला आहे, आणि तोही दोनदा. कार्बोनेटसाठीचा पहिला प्रमाण पदार्थ होता अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनात पी डी नावाच्या थरात सापडलेला बेलेम्नाइट, म्हणजे माखलीच्या दूरच्या नामशेष भावंडाचा अश्म. तो वाटून वाटून संपला. मग संगमरवराचा चुरा आला, एनबीएस-१९. त्याला प्लस १.९५ कार्बन आणि उणे २.२० ऑक्सिजन अशा किमती ठरवून दिल्या आणि मूळ मोजपट्टी त्यावरून जिवंत ठेवली. तोही संपल्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आयएईए-६०३ हा नवा संगमरवर दिला. मोजपट्टीचं नाव मात्र अजून त्या बेलेम्नाइटचंच आहे, पुढे फक्त ‘व्हिएन्ना’ लागलं.

विद्यार्थ्यांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुण्यात मोजलेलं आणि झुरिकमध्ये मोजलेलं एका आलेखावर मांडता येतं ते या चिमूटभर चुऱ्यामुळे. म्हणून रोजच्या मोजणीत आम्ही घरचा प्रमाण पदार्थ वापरतो आणि मूळचा जपून ठेवतो, सणाच्या केशरासारखा.

गेल्या काही वर्षांत खरोखर नवीन काय झालं?

पुष्कळ. सगळं सांगत नाही, मला ज्याने काम बदललेलं दिसलं तेवढंच सांगते.

पूर्वी घन नमुन्यासाठी एकच भरवशाचा रस्ता होता: शुद्ध केलेलं मूलद्रव्य रेनियमच्या तारेवर ठेवून ती निर्वातात तापवायची. स्ट्रॉन्शियम, निओडिमियम, शिसं यांना ते चालतं. पण लोह, तांबं, जस्त, मॉलिब्डेनम यांची समस्थानिकं अशा तऱ्हेने नीट मोजणं फार अवघड. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्गॉनच्या प्लाझ्माला अनेक कपांचं यंत्र जोडलं गेलं. प्लाझ्मा सूर्याच्या पृष्ठभागाहून तापलेला असतो, त्यात जवळपास कोणतंही धातू-मूलद्रव्य आयनित होतं. त्यानंतर आवर्तसारणीतले अर्ध्याहून अधिक चौकोन भूरसायनशास्त्राला खुले झाले. मॉलिब्डेनमवरून प्राचीन समुद्रात ऑक्सिजन किती होता याचा अंदाज, लिथियमवरून डोंगरांची झीज, जस्तावरून प्रदूषण, हे प्रश्नच आधी विचारता येत नव्हते.

प्लाझ्माची अडचणही आर्गॉनच. आर्गॉन-४० आणि ऑक्सिजन-१६ एकत्र आले की वजन होतं ५६, आणि लोहाचं मुख्य समस्थानिकही ५६. आर्गॉन-४० स्वतः कॅल्शियम-४० वर बसतो. यावर अलीकडचा उपाय म्हणजे टक्कर-कक्ष: वाटेत थोडा वायू भरलेली जागा, जिथे नको ते आयन प्रक्रिया होऊन बाजूला पडतात. यातला एक प्रयोग मला विशेष आवडतो. रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यांच्या वजनातला फरक इतका नगण्य आहे की चुंबक त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून गेली कित्येक दशकं आधी रसायनाने वेगळं करावं लागलं. टक्कर-कक्षात सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडलं तर स्ट्रॉन्शियम फ्लोरिन उचलतो आणि १०६ वर जाऊन बसतो. रुबिडियम तिथेच ८७ वर राहतो. वेगळे झाले! आता अभ्रकाच्या एका कणावर लेझर मारून तिथल्या तिथे रुबिडियम-स्ट्रॉन्शियम वय काढता येतं.

तिसरी सुधारणा फार गाजली नाही, पण रोज उपयोगी पडते: रोधक. १०० अब्ज ओहमच्या जागी १०,००० अब्ज ओहमचा लावला की सिग्नल शंभरपट होतो आणि विजेचा गोंगाट दहापटच वाढतो. म्हणजे दहापट लहान नमुना चालतो. संग्रहालयातल्या मण्याला छिद्र पाडू द्यायला कोणी तयार नसतं तिथे, किंवा जिरकॉन या युरेनियम धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या एकेका कणावर काम असतं तिथे, याचं मोल कळतं.

चौथी गोष्ट ‘गुच्छ’ समस्थानिकांची. कार्बन डायऑक्साइडच्या दहा लाख रेणूंत जेमतेम ४५ असे असतात ज्यांत जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांना चिकटलेले असतात, वस्तुमान ४७. खनिज जितक्या कमी तापमानाला तयार झालं तितकी ही जोडी अपेक्षेपेक्षा जास्त. रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी यांच्या जुन्या पद्धतीत शिंपल्यावरून तापमान काढायचं तर त्या काळच्या समुद्राच्या पाण्याचं गुणोत्तर गृहीत धरावं लागे. इथे ते लागत नाही; खनिज स्वतःच पुरेसं आहे. कार्बोनेटसाठी या तापमापकाचा पाया घालणारा २००६ चा शोधनिबंध ज्यांच्या नावाने सुरू होतो ते प्रसेनजित घोष, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करणारे. अडचण संवेदनशीलतेची आहे. नेहमीच्या तापमानाला एका अंशाला बदल दर हजारी फक्त ०.००३ च्या आसपास. साध्या ऑक्सिजन पद्धतीत तो ०.२ च्या आसपास असतो. म्हणून गुच्छाची मोजणी तासन् तास चालते, तोच नमुना परत परत घालावा लागतो.

ऑक्सिजन-१७ कडे कोणी लक्ष देत नसे, कारण तो ऑक्सिजन-१८ च्या निम्म्याने मागे मागे चालतो असं धरलं जाई. १९८३ मध्ये थीमेन्स आणि हायडनराइश यांनी ओझोन बनताना हा नियम मोडतो असं दाखवलं. २००० मध्ये गंधकाच्या बाबतीत तसंच वेगळं वागणं २४० कोटी वर्षांहून जुन्या खडकांत सापडलं, आणि त्या काळी हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा ठरला. आणि आता ऑर्बिट्रॅप नावाच्या नव्या तऱ्हेच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणू जाळून साध्या वायूत न बदलता त्यातल्या कोणत्या जागी जड अणू बसला आहे हे पाहायचे प्रयत्न चालू आहेत. ते अजून बाल्यावस्थेत आहे, पण मला त्याची फार उत्सुकता आहे.

सह्याद्रीच्या काळ्या दगडात यातलं काय दिसतं?

इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण हा आपल्या पायाखालचा दगड आहे.

वरून पाहिलं तर सगळा बेसॉल्ट सारखाच. लोणावळ्याचा दगड आणि महाबळेश्वरचा दगड हातात देऊन कोणता कुठला हे विचारलं तर भल्याभल्यांना सांगता येणार नाही. स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर सांगतं. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटावरून नाव पडलेला जो थरसमूह आहे, त्यात स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास येतं. म्हणजे तो लाव्हा पृथ्वीच्या खोल प्रावरणातून आला आणि वाटेत फारसं काही न उचलता थेट बाहेर पडला. त्याच्या खाली पोलादपूर, आणि त्याच्या खाली बुशे नावाचा समूह. बुशेत हा आकडा ०.७१३ च्या वर जातो. म्हणजे त्या लाव्हाने वर येताना खंडाच्या जुन्या खडकांचा वितळलेला भाग स्वतःत मिसळून घेतला होता. दिसायला फरक तिसऱ्या दशांश स्थानाचा, पण आमचं यंत्र पाचव्या स्थानापर्यंत खात्रीने वाचतं. तेव्हा आमच्या दृष्टीने हा फरक दोन गावांमधला नाही, दोन देशांमधला आहे. रसायन आणि समस्थानिकं यांच्या आधारावर १९८० च्या दशकापासून पश्चिम घाटाचे थर लावले गेले आणि शेकडो किलोमीटरवरच्या कड्यांची एकमेकांशी जुळणी झाली.

दुसरा प्रश्न वयाचा. हे उद्रेक आणि डायनासोरांचा अंत, दोन्ही ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे. आधी कोणतं आणि किती आधी? बेसॉल्टमध्ये जिरकॉन जवळजवळ नसतोच, म्हणून युरेनियम-शिसे पद्धत इथे चालत नाही असं वाटायचं. मग लक्ष गेलं लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या लाल पट्ट्यांकडे. घाटात बस वळते तेव्हा काळ्या कड्यात विटकरी रंगाची जी आडवी रेघ दिसते, तीच. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तयार झालेली ती माती, आणि तिच्यात वाऱ्याने आलेल्या ज्वालामुखी राखेतले बारीक जिरकॉन. त्या एकेका कणाची वयं काढली गेली आणि २०१९ मध्ये दोन गटांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले: एकाने या कणांवर युरेनियम-शिसे वापरलं, दुसऱ्याने लाव्हाच्याच दगडावर आर्गॉन-आर्गॉन, म्हणजे पोटॅशियमच्या ऱ्हासातून साठलेल्या आर्गॉनवरून वय काढायची पद्धत. पहिल्या गटाला उद्रेक काही मोठ्या उसळ्यांत झालेले दिसले, त्यातली एक विनाशाच्या अगदी आधीची. दुसऱ्याला बहुतांश लाव्हा विनाशानंतरचा दिसला. वाद संपलेला नाही. दहा लाख वर्षांच्या आत कोणती घटना आधी हे आपण भांडू शकतो, हीच यंत्राची झेप आहे. काही दशकांपूर्वी चूकच तेवढी मोठी असायची.

ट्रेकमध्ये दगड सापडला, वय सांगाल का? कार्बन डेटिंग करता येईल?

कार्बन-१४ दगडाला लागू नाही. ते एके काळी जिवंत असलेल्या वस्तूसाठी, आणि साधारण ५०,००० वर्षांपर्यंत. बेसॉल्टला आर्गॉन पद्धत लागते, त्यासाठी नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवावा लागतो. एका सुट्या दगडासाठी हे कोणी करत नाही, आणि करूही नये. दगड कोणत्या थरातून आला हे माहीत नसेल तर वय कळूनही काही कळत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या बोरीचं उदाहरण लक्षात ठेवा. कुकडीच्या काठावर तिथे ज्वालामुखी राखेचा थर आहे, आणि त्याच्या संगतीत अश्मयुगीन हत्यारं. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांमुळे तो जगाला माहीत झाला. पोटॅशियम-आर्गॉनने वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. आर्गॉन-आर्गॉनने आलं सुमारे ६.७ लाख. राखेची रासायनिक ओळख पाहणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकांनी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सगळ्यात अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची ठरवली. एकच थर! यंत्रं सगळी चांगली होती. पण नदीने आणलेले जुने कण राखेत मिसळले असतील, किंवा कणांत जुना आर्गॉन अडकून राहिला असेल, तर गुणोत्तर अचूक असूनही वय फुगतं.

पावसाच्या पाण्यात काय पाहतात?

ऑक्सिजन आणि हायड्रोजन. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवलं की जगभरच्या पावसाचं पाणी जवळजवळ एकाच सरळ रेषेवर पडतं: हायड्रोजनचा आकडा म्हणजे ऑक्सिजनच्या आकड्याच्या आठपट अधिक १०. एखादं पाणी या रेषेच्या खाली घसरलं तर समजायचं की त्याची वाफ झाली आहे. महाराष्ट्रात याचा फार साधा आणि मोलाचा उपयोग आहे. विहिरीला पाणी थेट पावसाचं मुरून येतंय की तलाव-कालव्यातलं उन्हात तापलेलं पाणी झिरपून येतंय, हे या रेषेवरून बरंच उलगडतं.

मान्सूनचं चित्रही यातून दिसतं. उष्ण कटिबंधात जोरदार, लांबलेल्या पावसात जड अणू आधी गळून जातात आणि नंतरचं पाणी हलकं होत जातं. दक्षिण भारतात ईशान्य मान्सूनचा पाऊस नैऋत्य मान्सूनच्या पावसापेक्षा हलका सापडतो, कारण बाष्प वेगळ्या समुद्रातून, वेगळ्या वाटेने आलेलं असतं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत असं काम चालतं, अंदमानच्या पावसावरही त्यांनी अभ्यास केला आहे.

मग मागच्या हजारो वर्षांचा पाऊस कसा कळतो?

गुहेतल्या लवणस्तंभांवरून. थेंबाथेंबाने चुनखडी साचते आणि प्रत्येक थरात त्या वर्षीच्या पाण्याचा ऑक्सिजन बंद होतो. आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे असतो तशा बारीक ड्रिलने थरागणिक पिठी काढतो. चिमटीत धरताही येणार नाही इतकी थोडी, तरी तेवढी बास होते. ती बाटलीत घालायची, हेलियमने हवा धुऊन काढायची, मग फॉस्फोरिक आम्लाचे दोन-चार थेंब. बारीक फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड. त्याच स्तंभाचं वय युरेनियम-थोरियमवरून निघतं.

मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या अशाच एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी ऑक्सिजनचं गुणोत्तर एकदम सरकलेलं दिसतं. मान्सून कमकुवत झाल्याची खूण. २०१८ मध्ये भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपण ज्या कालखंडात राहतो त्याला ‘मेघालयन’ नाव दिलं आणि त्याची सुरुवात याच स्तंभावर निश्चित केली. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

सह्याद्रीत लेणी पुष्कळ, पण बेसॉल्टमध्ये चुनखडीच्या गुहा नाहीत. आपल्याकडे त्याऐवजी काळ्या मातीतले चुनखडे कामी येतात. त्यांच्या कार्बनवरून तिथे गवताळ रान होतं की झाडं, हे कळतं.

गवत आणि झाडं यांचा कार्बन वेगळा असतो?

हो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि माळरानावरची बरीच गवतं यांची प्रकाशसंश्लेषणाची तऱ्हा एक. त्यांचा आकडा उणे १३ च्या आसपास. भात, गहू, जव, हरभरा आणि बहुतेक झाडं यांची दुसरी. उणे २७ च्या आसपास. जे खावं ते हाडात उतरतं. शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात जव पिकवणारी ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. अशा वस्तीत जवाचं जेवण कधी ज्वारी-बाजरीकडे वळलं हा प्रश्न कार्बनला विचारण्याजोगा आहे. फक्त आपल्या उष्ण हवेत हाडातलं कोलॅजन टिकत नाही, ही मोठी अडचण.

मधातली भेसळही याच फरकावर पकडतात. मध बहुतेक झाडाफुलांचा, साखर उसाची. साधारण ७ टक्क्यांच्या वर मिसळली की कळते. तांदळाच्या सिरपची भेसळ मात्र यातून निसटते, कारण भातही झाडांच्याच गटातला.

नमुना तयार करायला इतके दिवस का लागतात? यंत्र तर काही मिनिटांत मोजतं.

कारण खरं काम आधीच असतं. बेसॉल्टमधून स्ट्रॉन्शियम काढायचं तर भुकटी हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवायची, दोन-तीनदा आटवायची. मग शुद्ध हवेच्या खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत झाकून, पेनाच्या रिफिलएवढ्या नळीत बोटाच्या पेराहून कमी पांढरी राळ भरून बसायचं. वरून नायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने. रुबिडियम, कॅल्शियम वाहून जातात, स्ट्रॉन्शियम राळेला धरून राहतं. शेवटी नुसतं शुद्ध पाणी सोडलं की ते सुटतं. हॉटप्लेटवर आटवल्यावर बीकरच्या तळाशी उरतो राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान असा पांढुरका ठिपका. तो एका थेंबात उचलून रेनियमच्या तारेवर ठेवायचा, प्रवाह हळूहळू वाढवायचा, तार क्षणभर मंद लाल झाली की थांबायचं. या वेळी खोलीत कोणी बोलत नाही.

क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. त्याआधी कित्येक वर्षं त्यांची शिशाची मोजणी जुळत नव्हती, कारण शिसं खोलीतल्या धुळीतून, काचेतून, माणसाच्या केसांतून नमुन्यात येत होतं. त्यांनी प्रयोगशाळाच धुऊन काढली, आणि पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध आयुष्यभर लढले. पुण्यात बाहेर बांधकामाची धूळ उडत असताना मला त्यांची रोज आठवण येते.

आता लेझरवर चालणारी छोटी यंत्रं मिळतात. मोठ्या यंत्राची गरज उरली का?

पाण्यासाठी लेझरच घ्या. स्वस्त, टेबलावर मावतं, हेलियम लागत नाही. पण पाण्यात सेंद्रिय पदार्थ असले तर ते फसू शकतं, आणि धातूंसाठी, खडकासाठी ते नाही.

वीज गेली तर काय होतं?

जूनच्या पहिल्या वादळात एकदा वीज गेली आणि बॅकअपने दगा दिला. पंपाचा आवाज उतरत उतरत थांबला. निर्वात पुन्हा तयार व्हायला आणि यंत्र स्थिर व्हायला चार दिवस गेले, आणि तारेवर चढवलेले नमुने वाया गेले. ज्या कॉलेजांना यंत्र घ्यायचं आहे त्यांना मी सांगते: यंत्राच्या किमतीआधी वीज, वातानुकूलन आणि हेलियमचा पुरवठा यांचा हिशोब करा.

पुण्यात हे कुठे शिकता येईल?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात खडकांचा पाया पक्का होतो. आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा विभाग आहे, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था इथेही जरूर जा. रसायनशास्त्रातून येणाऱ्यांना मी विशेष बोलावते. राळेसमोर शांत बसणारे हात त्यांच्याकडे असतात.

नमुना पाठवताना काय काळजी घ्यायची?

पाणी असेल तर बाटली काठोकाठ भरा, वर हवेचा बुडबुडा नको, झाकण घट्ट. महिनाभराचा पाऊस एका भांड्यात साठवायचा असेल तर वर पॅराफिन तेलाचा पातळ थर द्या, म्हणजे वाफ होणार नाही. यासाठी आम्ल घालू नका. दगड असेल तर झिजलेला, पांढरट पापुद्रा आलेला भाग टाळा. ताज्या, काळ्या गाभ्याचा मुठीएवढा तुकडा पुरे. भोकांत चकाकणारी झिओलाइट किंवा कॅल्साइट असतील तर त्यांचा दगड वेगळ्या पिशवीत. जागेचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, थराच्या वर काय आणि खाली काय, हे तिथेच वहीत लिहा. घरी आल्यावर आठवून लिहिलेलं मी धरत नाही.

आणि नाव. मी शिकत होते तेव्हा बावीस बाटल्यांवर ‘परमनंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेनाने क्रमांक लिहिले आणि रात्रभर आम्लाच्या वाफेशेजारी ठेवल्या. सकाळी सगळ्या कोऱ्या. दोन पावसाळे फिरून जमवलेले ते नमुने होते आणि त्यातला एकही वापरता आला नाही. तेव्हापासून मी पेन्सिलीने कागदावर लिहून, त्यावर पारदर्शक टेप लावून, झाकणावरही क्रमांक कोरते. तुम्हीही कोरा, खिळ्याने कोरलात तरी चालेल.